संध्याकाळचा नेटवर्किंग कार्यक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिझनेस मिक्सर, उद्योजक मेळावा, नेटवर्किंग मीट, नाव कोणतंही असो, प्रकार एकच. कामं आटोपल्यावर एका हॉलमध्ये त्या भागातले व्यावसायिक जमतात, उभ्याउभ्या बोलतात आणि दोन तासांनी पांगतात. तिथे विक्री होत नाही, झाली तर अपवाद समजा. तिथून मिळवायचं असतं ते पुढच्या भेटीचं निमंत्रण. खालची बहुतेक उत्तरं याच हिशेबाने दिलेली आहेत.

एका संध्याकाळी खरं तर किती लोकांशी बोलणं होतं?

कार्यक्रम २ तासांचा, म्हणजे १२० मिनिटांचा धरू. नोंदणी, बॅज आणि हॉलचा अंदाज घेणं यात १५ ते २० मिनिटं जातात. आयोजकांचं स्वागत, प्रायोजकाची ओळख, एखादं भाषण यात आणखी २५ ते ३०. हातात उरतात साधारण ७५ मिनिटं. अर्थ असलेल्या एका संवादाला ८ मिनिटं लागतात आणि पुढचा माणूस गाठायला २-३. म्हणजे सहा-सात माणसं झाली. त्यातल्या दोघा-तिघांशी पुन्हा बोलावंसं वाटलं, तर संध्याकाळ चांगली गेली. तीस कार्डं खिशात घालून परतलेला माणूस तीस जणांना भेटलेला नसतो, दुसऱ्या दिवशी त्यातले चेहरेही त्याला आठवत नाहीत.

काम तर ओळखीच्यांकडूनच मिळतं. मग अनोळखी लोकांत वेळ का घालवायचा?

ओळखीच्यांकडून मिळतं हे खरं, पण कोणत्या ओळखीच्यांकडून ते बघायला हवं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा शोधनिबंध या विषयात आजही पायाभूत मानला जातो. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, की बातमी देणाऱ्या माणसाला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणारे निघाले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. ही पाहणी लहान होती आणि नोकरीबद्दलची होती, पण कारण धंद्यालाही लागू पडतं. रोजच्या बैठकीतल्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुतेक तुम्हालाही माहीत असतं. नवी बातमी, नवं गिऱ्हाईक, नवा पुरवठादार हे दुसऱ्या वर्तुळातून येतात आणि त्या वर्तुळाशी तुम्हाला जोडणारा माणूस सहसा नुसता तोंडओळखीचा असतो. संध्याकाळचे कार्यक्रम अशा तोंडओळखी वाढवण्यासाठीच असतात.

कोणत्या कार्यक्रमाला जावं?

तुमचं गिऱ्हाईक कोण आहे त्यावरून ठरवा. छोट्या कारखानदारांना सेवा देत असाल, तर सगळ्या धंद्यांचा मिळून भरलेला खुला मेळावा ठीक. फक्त दवाखान्यांना माल पुरवत असाल, तर त्या हॉलमध्ये तुमच्या उपयोगाची दोन माणसं असतील आणि ती शोधण्यात संध्याकाळ संपेल. अशा वेळी त्या क्षेत्राच्या संघटनेचा कार्यक्रम गाठा, भले तो वर्षातून दोनदाच होत असो.

खुल्या मेळाव्यांखेरीज सभासदत्वावर चालणारे रेफरल गट असतात, म्हणजे सभासदांनी एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवायचे गट. १९८५ मध्ये आयव्हन मायझनर यांनी अमेरिकेत सुरू केलेली बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) ही त्यातली सर्वांत माहितीची संस्था. एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद, दर आठवड्याला बैठक आणि हजेरीची सक्ती अशी तिची रीत आहे. बैठका बहुधा सकाळी असतात. ही शिस्त झेपणार असेल तरच वर्गणी भरा, कारण अर्ध्या बैठका बुडवणाऱ्या सभासदाला रेफरल मिळत नाहीत. रोटरीसारख्या सेवाभावी क्लबांची गोष्ट वेगळी. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस यांनी वेगवेगळ्या व्यवसायांतल्या मंडळींना एकत्र आणून रोटरीची सुरुवात केली, पण आज तिथे लोक सेवाकार्यासाठी येतात. अशा ठिकाणी ओळखी उत्तम होतात, मात्र पहिल्याच दिवशी कामाची मागणी पुढे करणं शोभत नाही.

जाण्याआधी काय तयारी करावी?

तासाभराची पुरे. आयोजकांकडे येणाऱ्यांची यादी मागा. बरेच आयोजक नाव आणि व्यवसाय एवढं देतात, काहींच्या नोंदणी पानावर ते दिसतंच. त्यातून चार नावं निवडा आणि त्यांचा व्यवसाय, हल्लीचं काम यांवर प्रत्येकी पाच मिनिटं वाचा. शक्य असेल तर त्यातल्या एकाला आदल्या दिवशी निरोप पाठवा : ‘उद्याच्या कार्यक्रमाला मीही येतोय, तिथे पाच मिनिटं भेटू या.’ आत शिरल्यावर कोणाशी बोलायचं हा सगळ्यात अवघड प्रश्न यामुळे आधीच सुटतो.

मग स्वतःसाठी एक वाक्य लिहा : आज मला कोण भेटायला हवं? ‘नवी गिऱ्हाइकं’ हे उत्तर चालणार नाही. ‘ज्यांनी गेल्या वर्षभरात दुसरं दुकान उघडलं असे किरकोळ विक्रेते’ हे चालेल, कारण हे वाक्य ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादा माणूस येतो आणि तो तुमची गाठ घालून देऊ शकतो.

राहता राहिले बारीकसारीक सामान : चार्ज केलेला फोन, उजव्या-डाव्या वेगळ्या खिशांत स्वतःची आणि आलेली कार्डं, आणि चालणारं बॉलपेन. कार्डं एकाच खिशात ठेवली की घाईत दुसऱ्याचंच कार्ड तिसऱ्याला दिलं जातं.

स्वतःची ओळख कशी करून द्यावी?

दोन मापांच्या ओळखी तयार ठेवा. एक दहा सेकंदांची, समोरासमोर हात मिळवताना. दुसरी तीस सेकंदांची, आयोजकांनी माइक हातात दिला तर. सावकाश, समजेल असं बोललं की तीस सेकंदांत पन्नास ते साठ शब्द मावतात. लोक दीडशे शब्द लिहून आणतात, मग ते रेटण्यासाठी धावत बोलतात आणि कोणाच्याच लक्षात काही राहत नाही.

दहा सेकंदांच्या ओळखीत हुद्दा सांगून थांबू नका. ‘मी अकाउंटंट आहे’ यावर समोरचा ‘अच्छा’ म्हणतो आणि बोलणं तिथेच आटतं. त्याऐवजी असं : ‘दहा-वीस माणसं कामाला असलेल्या वर्कशॉपचे हिशेब आम्ही बघतो. मालक बहुतेक आमच्याकडे येतात ते येणी अडकली की.’ कोणासाठी, काय आणि लोक कोणत्या अडचणीत तुमच्याकडे येतात, या तीन गोष्टी त्यात आल्या. तिसरी सर्वांत कामाची. ऐकणाऱ्याला तुमचा हुद्दा आठवत नाही, पण येणी अडकलेला एखादा ओळखीचा मात्र चटकन आठवतो.

तीस सेकंदांच्या ओळखीत याच्या जोडीला एक ताजं उदाहरण, गिऱ्हाइकाचं नाव न घेता, आणि शेवटी ‘आज मला अमुक प्रकारच्या लोकांना भेटायचंय’ हे वाक्य. नाव सुरुवातीलाही सांगा आणि शेवटीही. सुरुवातीला लोक आवाजाला सरावत असतात, तेव्हाचं नाव निसटतं. ‘सर्वोत्तम’, ‘दर्जेदार’, ‘वन-स्टॉप सोल्यूशन’ हे शब्द वगळा. हॉलमधले सगळेच ते वापरतात.

तुम्ही एकाहून जास्त व्यवसाय करत असाल तर?

त्या दिवशी एकच सांगा.

व्हिजिटिंग कार्ड अजून लागतं का? ते कसं असावं?

लागतं. पण वाटण्यासाठी फार नको, २० ते २५ पुरतात. आकार प्रचलितच ठेवा : ८९ × ५१ मिमी किंवा ८५ × ५५ मिमी. यापेक्षा मोठं किंवा गोल, त्रिकोणी कार्ड पाकिटात बसत नाही आणि न बसणारी वस्तू टेबलावरच राहते. कागद ३०० ते ३५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). त्यापेक्षा पातळ कार्ड आठवड्याभरात दुमडतं.

मुख्य चूक होते ती लॅमिनेशनची. दोन्ही बाजूंनी चकचकीत लॅमिनेशन केलं की त्यावर शाई धरत नाही, आणि घेणाऱ्याला तर त्याच कार्डाच्या पाठीवर ‘गोदामाचं छप्पर, मंगळवारनंतर फोन’ असं लिहून ठेवायचं असतं. पुढची बाजू हवी तशी करा, मागची कोरी आणि बिनलॅमिनेशनची ठेवा. मजकुरात नाव, व्यवसाय एका ओळीत, एकच फोन नंबर, ईमेल, संकेतस्थळ. तीन नंबर छापले की लोक नेमका बंद असलेला लावतात.

क्यूआर कोड छापला तर?

जरूर, पण थोडं जपून. कोड २ सेंमी × २ सेंमीपेक्षा लहान नको आणि भोवती कोडातल्या एका चौकोनाच्या चौपट रुंदीची कोरी जागा हवी. ही जागा खाल्ली की कॅमेऱ्याला कोडाची कड सापडत नाही. गडद कोड फिक्या पार्श्वभूमीवरच हवा, उलटं केलं तर काही फोन वाचतच नाहीत. मध्ये लोगो घालायचा असेल, तर चुकदुरुस्तीची ‘एच’ ही पातळी निवडा, तिच्यात साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. ‘एल’ पातळीवर ही सोय ७ टक्क्यांचीच आहे.

कोडात काय भरायचं हेही महत्त्वाचं. संपर्काची माहिती थेट व्हीकार्ड स्वरूपात, म्हणजे फोनची संपर्कयादी वाचू शकते अशा ठरावीक साच्यात भरली, तर इंटरनेट नसलं तरी नंबर फोनमध्ये साठवला जातो. तळघरातल्या हॉलमध्ये हे फार उपयोगी पडतं. मात्र मजकूर जितका जास्त तितका कोड दाट होतो, म्हणून व्हीकार्डात नाव, नंबर, ईमेल एवढंच ठेवा. ‘डायनॅमिक’ कोड देणाऱ्या सेवांमध्ये कोड जिथे नेतो तो वेबपत्ता छपाईनंतरही बदलता येतो, पण सेवेची वर्गणी थांबली की छापलेली सगळी कार्डं मुकी होतात. छपाईला देण्याआधी खऱ्या आकाराची एक प्रत काढून दोन वेगवेगळ्या फोनांवर तपासा.

किती वाजता पोचावं आणि उभं कुठे राहावं?

दिलेल्या वेळेच्या पाच-दहा मिनिटं आधी. बरेच जण मुद्दाम उशिरा जातात, एकटं पडू नये म्हणून. होतं मात्र उलटं. सुरुवातीला हॉलमध्ये दहा-बारा माणसं असतात, तीही एकटीच, आणि कोणीतरी येऊन बोलावं म्हणून वाट बघत. अर्ध्या तासाने त्यांचीच कोंडाळी झालेली असतात आणि मग आत शिरणं अवघड.

दाराशी उभं राहू नका. आत येणारा माणूस बॅज लावत असतो, ओळखीचा चेहरा शोधत असतो, त्याचं तुमच्याकडे लक्ष नसतं. खाण्यापिण्याच्या टेबलाला चिकटूनही नको, तिथे रांग असते. टेबलावरून वस्तू घेऊन लोक जिथे बाहेर पडतात, त्या जागेपासून तीन-चार पावलांवर उभं राहा. हातात काहीतरी आलेला माणूस आता कुठे जावं या विचारात असतो आणि त्याला कोणीतरी हवंच असतं. स्वतःचा पेला डाव्या हातात ठेवा म्हणजे उजवा कोरडा आणि मोकळा राहील. पेला आणि ताटली दोन्ही एकदम घेतली की कार्डही काढता येत नाही. खुर्चीत तर बसूच नका. बसलेल्या माणसाकडे कोणी येत नाही, आणि आलंच तर उठून जाता येत नाही.

आधीच बोलत असलेल्या लोकांत कसं शिरायचं?

पायांकडे बघा. दोघं जण अगदी समोरासमोर, पावलं एकमेकांकडे करून उभे असतील, तर ते काहीतरी खासगी बोलताहेत, पुढे चला. दोघं किंवा तिघं थोडे तिरके, घोड्याच्या नालेच्या आकारात उभे असतील, तर मोकळी बाजू नव्या माणसासाठी आहे असंच समजा. चार-पाचांच्या बंद वर्तुळात घुसण्यापेक्षा एकटा उभा असलेला माणूस शोधणं सोपं आणि जास्त फायद्याचं.

शिरताना ‘मी येऊ का तुमच्यात?’ एवढं पुरे. नंतर दोन मिनिटं फक्त ऐका. चालू विषय तोडून स्वतःची ओळख पुढे ढकलणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण वाईट अर्थाने. बोलण्यात खंड पडला की कोणीतरी ‘तुम्ही काय करता?’ असं विचारतंच.

पहिल्या दोन मिनिटांनंतर बोलायचं काय?

‘काय करता?’ याचं उत्तर मिळालं की लोक घाईने स्वतःचं सुरू करतात. तिथेच एक प्रश्न आणखी विचारा, आणि तो त्यांच्या उत्तरातूनच निघालेला असू द्या. त्याने ‘पॅकेजिंगचं साहित्य पुरवतो’ असं सांगितलं, तर ‘खोके की आतलं साहित्य? आणि घेतात कोण, कारखाने की ऑनलाइन विकणारे?’ असं विचारता येईल. अशा पाठोपाठच्या प्रश्नांमुळे समोरच्याला तुम्ही ऐकताय हे कळतं, आणि तुम्हालाही कामाची माहिती मिळते.

हमखास चालणारे काही प्रश्न : नवं काम बहुधा कुठून येतं? वर्षातला कोणता काळ धावपळीचा? कोणत्या प्रकारचं गिऱ्हाईक तुम्ही घेत नाही? शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात, पण सर्वांत मोकळं उत्तर त्यालाच मिळतं. आणि एक प्रश्न न चुकता : ‘तुमच्या उपयोगाचा माणूस मला भेटला, तर तो मी ओळखायचा कसा?’ हा प्रश्न विचारणारे फार थोडे असतात.

भाव, सवलत, कोटेशन यावर बोलणं गेलं तर गोड बोलून पुढच्या भेटीवर टाका. गोंगाटात, उभ्याउभ्या, कागद न बघता सांगितलेला आकडा नंतर गळ्यात येतो.

ओळखीच्याच चार जणांत संध्याकाळ संपते. काय करावं?

हे सगळ्यांचंच होतं. पॉल इन्ग्रॅम आणि मायकेल मॉरिस यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका मिक्सरला आलेल्या व्यावसायिकांना इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावून कोण कोणाशी बोलतं हे मोजलं होतं. नवे लोक भेटावेत म्हणूनच आलोय असं बहुतेकांनी आधी सांगितलं होतं, तरी आधीपासून ओळख असलेल्यांकडेच ते पुन्हा पुन्हा वळले. निव्वळ इच्छेवर हे सुटत नाही, ठरवूनच करावं लागतं. मित्राबरोबर गेलात तर दारातच वेगळे व्हा आणि तासाभराने भेटा. त्याने दोन नवी माणसं तुमच्याकडे आणायची, तुम्ही दोन त्याच्याकडे. ओळखीचे लोक अशा वेळी अडथळा न राहता दुवा होतात.

बोलणं संपवायचं कसं? उठून जाणं वाईट दिसतं.

समोरच्यालाही बहुधा जायचंच असतं. २०२१ मध्ये अॅडम मास्त्रोयानी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दोघांनाही हव्या त्याच वेळी संपलेल्या संभाषणांचं प्रमाण जेमतेम २ टक्के निघालं. दोघंही सभ्यपणापायी एकमेकांना धरून ठेवतात.

चांगला निरोप तीन वाक्यांचा असतो : बोलण्यातली एक नेमकी गोष्ट, पुढचं पाऊल आणि निघण्याचा स्पष्ट उल्लेख. ‘ते ट्रान्सपोर्टच्या विम्याचं तुम्ही सांगितलंत ते मला उपयोगी आहे. परवा फोन करतो. आता आणखी दोघांना गाठतो.’ पुढचं पाऊल खरोखर नसेल तर ते वाक्य गाळा, ‘भेटून बरं वाटलं’ पुरे. खोटा फोन आल्याचं नाटक करू नका, दहा मिनिटांनी तोच माणूस तुम्हाला दुसऱ्या घोळक्यात हसताना बघतो. आणखी एक चांगली वाट म्हणजे त्याची दुसऱ्या कोणाशी तरी गाठ घालून देणं. मात्र नकोसा झालेला माणूस दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यासाठी ही युक्ती वापरू नये. लोकांना ते कळतं.

नावं लक्षात राहत नाहीत.

कोणाच्याच राहत नाहीत. व्यवसायाला संदर्भ असतो, चित्र असतं; नावाला तसं काही नसतं. नाव ऐकू आलं नाही तर त्याच क्षणी पुन्हा विचारा, दहा मिनिटांनी विचारणं जास्त अवघड. पहिल्या मिनिटात एकदा आणि निरोप घेताना एकदा नावाने हाक मारा. मग बाजूला जाऊन कार्डाच्या पाठीवर चार शब्द खरडा. त्याच्यासमोर लिहायचं असेल तर विचारून लिहा.

गोंगाटात काही ऐकू येत नाही.

आवाज वाढला की माणूस नकळत आपलाही आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये हे मांडलं आणि त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. सगळ्यांनी चढवला की हॉल आणखी गर्जतो. तेव्हा ओरडण्याऐवजी जागा बदला : भिंतीच्या कोपऱ्यात नको, तिथे आवाज परततो, पडदे, गालिचा असलेल्या बाजूला किंवा दाराबाहेर. स्पीकरपासून लांब राहा. कानाने कमी ऐकू येत असेल तर लवकर जाण्याचा फायदा इथेही होतो, पहिला अर्धा तास शांत असतो.

मी मितभाषी आहे. मला हे जमेल का?

बडबडे लोक इथे फार चमकतात हा गैरसमज आहे. ते लक्षात राहतात, पण ऐकून घेणाऱ्याकडे लोक परत येतात. शिवाय अनोळखी माणसाशी बोलून झाल्यावर आपण त्याला फारसे आवडलो नाही असं माणसाला वाटतं, प्रत्यक्षात त्याला आपण जास्त आवडलेले असतो. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत हा फरक पुन्हा पुन्हा दिसला.

सोयीचे उपाय : नोंदणीच्या टेबलावर मदतीला उभं राहा. नावं विचारणं हेच तुमचं काम होतं आणि प्रत्येक जण आपणहून तुमच्याकडे येतो. तीन संवाद हे लक्ष्य ठेवा, तीन झाले की निघालात तरी चालेल. मध्ये पाच मिनिटं बाहेर जाऊन या. फोनमध्ये डोकं घालून कोपऱ्यात उभं राहणं म्हणजे मात्र विश्रांती नव्हे, ते बघून लोक दूर राहतात.

हॉलमध्ये आपल्याच धंद्यातले प्रतिस्पर्धी असतात. त्यांना टाळावं का?

नाही. एकाच धंद्यात असूनही कामाचं माप वेगळं असतं. मोठ्या फर्मला छोटी कामं परवडत नाहीत, छोट्याला मोठी पेलत नाहीत. ‘तुम्ही न घेतलेलं काम माझ्याकडे पाठवा’ हे प्रतिस्पर्ध्यालाच सांगता येतं. फक्त दर काय लावायचे, कोणता भाग कोणी घ्यायचा यावर बोलणं नको. बऱ्याच देशांच्या स्पर्धा कायद्यांत अशी तोंडी संगनमतंही गुन्हा किंवा दंडनीय ठरतात.

‘एक चांगली संधी आहे’ म्हणणारे लोक कसे ओळखावेत?

व्यवसाय काय हे दोनदा विचारूनही ज्याला एका वाक्यात सांगता येत नाही, जो तुमच्या कामापेक्षा तुमच्या ‘स्वप्नां’बद्दल विचारतो आणि आजच पुढची वेळ ठरवायचा आग्रह धरतो, तो बहुधा साखळी योजनेतला किंवा गुंतवणूक गोळा करणारा असतो. ‘मला यात रस नाही’ एवढं स्पष्ट म्हणा. ‘बघू’ म्हणालात तर महिनाभर फोन येतील.

एकटीने जायला संकोच वाटतो. काही सूचना?

आयोजकांपैकी एकीचा किंवा एकाचा नंबर आधी घ्या आणि आल्याबरोबर त्यांना भेटा, पहिल्या दोन ओळखी त्यांनाच करून द्यायला सांगा. कार्डावर घरचा पत्ता आणि खासगी नंबर नको, कामाचा वेगळा नंबर ठेवा. पुढची भेट दिवसा, कार्यालयात किंवा सार्वजनिक जागी ठरवा. बोलणं व्यवसाय सोडून भलतीकडे वळलं तर कारण देत बसू नका, सरळ दुसऱ्या घोळक्याकडे चला आणि आयोजकांना सांगा. चांगले आयोजक अशा माणसाला पुढचं निमंत्रण देत नाहीत.

मद्य असेल तर?

घेतलंच तर एक. नाही घेतलं तर कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी काय पाठवावं?

दुसऱ्या दिवसाआधी त्याच रात्री दहा मिनिटं काढा. प्रत्येक कार्डापुढे लिहा : कुठे भेटलो, त्याची अडचण काय, मी काय कबूल केलं. मग तीन ढीग करा : पुढे भेटायचं असे, नुसती ओळख ठेवायची असे, आणि बाकीचे. फक्त पहिल्या ढिगातल्या लोकांना ४८ तासांच्या आत निरोप पाठवा. आठवड्याने पाठवला तर ‘आपण भेटलो होतो’ इथपासून सुरुवात करावी लागते.

निरोप पाच ओळींपेक्षा मोठा नको. उदाहरणार्थ : ‘नमस्कार, काल नोंदणीच्या टेबलाजवळ आपलं जुन्या मशीनच्या सुट्या भागांबद्दल बोलणं झालं. तुम्ही म्हणालात तसा पुरवठादार मला माहीत आहे, त्यांना विचारून नंबर देतो. तुमचं काम नीट समजून घ्यायला आवडेल. बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी अर्धा तास जमेल का?’ यात आठवण आहे, कबूल केलेली गोष्ट आहे आणि दोन ठरावीक वेळा आहेत. ‘कधीतरी भेटू’ याला लोक ‘नक्की’ म्हणतात आणि तिथेच ते संपतं. पहिल्याच निरोपाला माहितीपत्रक जोडू नका.

अर्ध्या तासाच्या त्या भेटीत निम्मा वेळ त्यांचा. काम कसं चालतं, गिऱ्हाईक कोण, कुठे अडतं, हे समजून घ्या. तुमचं सांगायची वेळ आपोआप येते.

उत्तरच आलं नाही तर?

सात ते दहा दिवसांनी एकदा आठवण करा, शक्यतो काहीतरी उपयोगाचं घेऊन. तरी उत्तर नाही तर सोडून द्या. त्याने तुम्हाला नाकारलंय असं समजू नका, बहुतेक वेळा तो नुसता कामात असतो. पुढच्या कार्यक्रमात भेटला तर त्या निरोपाचा उल्लेखही नको.

भेटलेल्या सगळ्यांना व्हॉट्सअॅप गटात घेतलं तर चालेल?

नाही. कार्ड देणं म्हणजे जाहिरातीला संमती नव्हे, आणि अनेक देशांत विनासंमती प्रचारसंदेश पाठवण्यावर कायदेशीर बंधनंही आहेत. न विचारता गटात घातलेला माणूस बाहेर पडताना तुमचं नाव लक्षात ठेवून पडतो. वार्तापत्र पाठवायचं असेल तर एका ओळीत विचारा.

दोघांची गाठ घालून द्यायची योग्य पद्धत कोणती?

आधी दोघांना स्वतंत्रपणे विचारा. ज्याला काम हवंय तो हो म्हणणारच, पण ज्याच्याकडे पाठवायचंय त्याची सवड, गरज आणि मर्जी आधी बघा. दोघंही हो म्हणाले की एकाच निरोपात दोघांची ओळख द्या : कोण, काय करतो, तुम्ही त्याला किती ओळखता आणि ही भेट कशासाठी. ‘किती ओळखता’ हे प्रामाणिकपणे लिहा. काल मेळाव्यात भेटलेल्या माणसाबद्दल ‘अत्यंत विश्वासू’ लिहिलंत आणि त्याने काम बिघडवलं, तर पत तुमची जाते. नंतर दोन आठवड्यांनी दोघांनाही काय झालं ते विचारा. रेफरल देणारे बरेच असतात, चौकशी करणारे थोडे.

आम्हीच असा कार्यक्रम घेतोय. कशाकडे लक्ष द्यावं?

बॅजपासून सुरुवात करा. नाव दोन मीटरवरून वाचता यावं म्हणून अक्षराची उंची किमान १ सेंमी हवी, खाली लहान अक्षरांत व्यवसाय. संस्थेचा लोगो मोठा आणि नाव बारीक, ही सर्रास दिसणारी चूक. बॅज छातीच्या उजव्या बाजूला लावायला सांगा, हात मिळवताना नजर त्याच बाजूला जाते. गळ्यातल्या दोरीचा बॅज फिरून उलटा होतो, म्हणून दोन्ही बाजूंना नाव छापा आणि दोरी आखूड ठेवा.

हॉल फार मोठा घेऊ नका. उभ्या माणसामागे एक ते दीड चौरस मीटर मोकळी जागा पुरते. त्याहून बरीच जास्त झाली की लोक भिंतींना चिकटतात. खुर्च्या थोड्याच, ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांच्यासाठी. बाकी उंच टेबलं ठेवा. पार्श्वसंगीत बंदच बरं. भाषणं एकूण पंधरा मिनिटांत आटोपा आणि ती सुरुवातीपासून पाऊण तासाने घ्या, म्हणजे उशिरा येणारेही आलेले असतात आणि भाषणानंतर बोलायला विषय मिळतो. शेवटी घेतली तर लोक त्याआधीच निघतात.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे स्वागताचे लोक. दर वीस-पंचवीस पाहुण्यांमागे एक जण असा हवा, ज्याचं काम फक्त एकट्या उभ्या माणसाला योग्य घोळक्यात नेऊन सोडणं. प्रायोजकाच्या बॅनरवर खर्च होतो तेवढं लक्ष या एका गोष्टीवर दिलं, तरी कार्यक्रम बदलतो.

किती वेळा जाऊन मग ठरवावं, की हा गट आपल्या कामाचा नाही?

एकाच कार्यक्रमाला सलग तीनदा जा. पहिल्या वेळी तुम्ही अनोळखी असता, दुसऱ्या वेळी काही जण ओळखतात, तिसऱ्या वेळी लोक आपणहून तुमची दुसऱ्याशी गाठ घालून देतात. पाच ठिकाणी एकेकदा गेलात तर पाचही ठिकाणी पहिलीच वेळ असते. तीन वेळांनंतर साधी नोंद तपासा : किती जणांची पुढची भेट झाली, त्यातून किती चौकश्या आल्या, आणि तुम्ही किती जणांना काम किंवा ओळख दिली. पुढच्या भेटीच झाल्या नसतील, तर आधी तुमचे निरोप वेळेवर गेले होते का ते बघा. गेले होते आणि तरी भेटी नाहीत, तर गट बदला. भेटी होताहेत पण चौकश्या नाहीत, तर दहा सेकंदांची ओळख पुन्हा लिहा; लोकांना तुम्ही आवडताय, पण कोणासाठी काम करता हे त्यांना अजून कळलेलं नाही.